कोजागिरीला गच्चीवर हाऊजी: तिकीट कोणतं, डाव किती, बक्षिसं कशावर?

चाफा
सोसायटीत यंदा कोजागिरीला गच्चीवर हाऊजी ठेवायचं ठरलंय. माणसं साधारण १४०, सहा वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या आजी-आजोबांपर्यंत. वेळ साडेआठ ते पावणेदहा, मग दूध. नेटवर तिकिटं शोधायला गेले तर पाच बाय पाचचे चौकोन, चार बाय चारचे, तीन बाय तीनचे, आपलं नेहमीचं लांबोडकं तिकीट, असे ढीगभर प्रकार दिसले. कोणतं घ्यावं? माणशी किती तिकिटं द्यावीत? सव्वा तासात किती डाव बसतील? बक्षिसांसाठी मंडळाने वीस-बावीस भेटवस्तू आणल्या आहेत. जाणकारांनी नीट सांगा, तिकिटं या आठवड्यात छापायची आहेत.

पाटीपेन्सिल
मोठ्यांसाठी नेहमीचं नव्वद आकड्यांचंच तिकीट घ्या. लोकांना ते शिकवावं लागत नाही, ही अर्धी लढाई आहे.

छापण्याआधी तिकीट बरोबर आहे का ते मात्र तपासा, कारण नेटवरची बरीच चुकीची असतात. तीन ओळी, नऊ उभे रकाने, म्हणजे २७ घरं. त्यात आकडे १५ आणि रिकामी घरं १२. प्रत्येक ओळीत बरोबर पाच आकडे, एकही रकाना पूर्ण रिकामा नाही. पहिल्या रकान्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. शेवटचा रकाना अकरा आकड्यांचा आहे, हे घरी एक्सेलमध्ये तिकिटं बनवणारे हमखास विसरतात आणि मग ९० कुठल्याच तिकिटावर येत नाही. एक्सेलची दुसरी चूक म्हणजे एखाद्या ओळीत चार आणि दुसरीत सहा आकडे पडणं. चार आकड्यांची ओळ ज्याच्याकडे आहे त्याची लाईन सगळ्यांच्या आधी होते आणि तिकीट तपासताना भांडण लागतं.

आता महत्त्वाची गोष्ट. तिकिटं सुटी छापू नका, सहाच्या पट्टीत छापा. सहा तिकिटं गुणिले पंधरा आकडे म्हणजे नव्वद. पट्टी नीट बनवलेली असेल तर १ ते ९० मधला प्रत्येक आकडा तिच्यात एकदाच येतो. तीन जणांच्या घराला प्रत्येकी दोन तिकिटं एकाच पट्टीतून दिली की पुकारलेला प्रत्येक आकडा त्या घरात कुणाच्या ना कुणाच्या तिकिटावर असतोच. "आमचा एकही नंबर येत नाही" ही तक्रार निम्म्याने कमी होते. पट्ट्या कापून गठ्ठा पिसू नका, घराप्रमाणे वाटा.

गणितमित्र
वेळेचा हिशेब मी देतो, कारण बहुतेक आयोजक तिथेच चुकतात. समज असा असतो की तिकिटं जास्त वाटली की फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे पंधरा आकडे पुरे होणं) लवकर होईल आणि डाव आटोपेल. फरक पडतो, पण फार थोडा.

पन्नास तिकिटं खेळात असतील तर पहिलं फुल हाऊस साधारण ७० व्या आकड्याला होतं. शंभर असतील तर ६७ व्याला. दोनशे असतील तर ६४ व्याला. तिकिटं दुप्पट करा, डाव जेमतेम तीन आकड्यांनी आखूड होतो. (हे मधले आकडे आहेत. निम्मे डाव त्याआधी संपतील, निम्मे नंतर. तीन-चार आकडे इकडे-तिकडे धरून चाला.)

म्हणजे तुमचा डाव कितीही तिकिटं वाटली तरी साठ-सत्तर आकडे चालणारच. वेळ ठरतो तो पुकारण्याच्या वेगावर आणि तिकीट तपासण्यावर. मिश्र वयाच्या लोकांना एका आकड्याला दहा सेकंद द्यावी लागतात. ६५ आकडे म्हणजे अकरा मिनिटं. शिवाय प्रत्येक दाव्याला थांबून तपासायला पाऊण ते एक मिनिट. आठ बक्षिसं असतील तर सात-आठ मिनिटं तिथे. तिकीटवाटप, नियम सांगणं, पेनं पोचवणं धरून एका डावाला पंचवीस मिनिटं पकडा. सव्वा तासात मोठ्यांचे दोन डाव आणि मुलांचा एक छोटा डाव बसेल. तिसरा मोठा डाव ठरवलात तर दुधाच्या वेळी लोक अर्ध्या तिकिटावर उठतील.

चाफा
हे फारच उपयोगी आहे. म्हणजे १४० माणसांना दोन-दोन तिकिटं, २८० झाली. मग बक्षिसं कशाकशावर ठेवू? आमच्याकडे नेहमी जलद पाच (कोणतेही पाच आकडे सगळ्यांत आधी), चार कोपरे, वरची-मधली-खालची ओळ आणि फुल हाऊस असतं.

गणितमित्र
२८० तिकिटांवर हीच यादी लावली तर काय होतं बघा. जलद पाच साधारण आठव्या आकड्याला जातं. लोक अजून खुर्च्या ओढत असतात. चार कोपरे बाविसाव्याच्या आसपास. वरची, मधली आणि खालची ओळ, तिन्ही एकोणतिसाव्याच्या आगेमागे, म्हणजे पंचवीस ते तेहतीसच्या पट्ट्यात एकामागून एक. आणि फुल हाऊस ६३ व्याला.

आता तेहतीस ते त्रेसष्ट या तीस आकड्यांत काय आहे? काहीच नाही. पाच-सहा मिनिटं एकही बक्षीस नाही. लहान मुलं तिथेच पळापळ सुरू करतात आणि मोठी माणसं मोबाइल काढतात. डाव रटाळ झाला असं लोक म्हणतात ते याच टप्प्यावरून.

उपाय म्हणजे "कोणत्याही दोन ओळी" हे बक्षीस. त्याला ठरावीक दहा आकडे लागतात, आणि २८० तिकिटांवर ते ४६-४७ व्या आकड्याला जातं. बरोबर मधोमध. ब्रिटनमध्ये नव्वदचा खेळ याच पद्धतीने चालतो: आधी कोणतीही एक ओळ, मग दोन ओळी, मग फुल हाऊस. तुमच्या तिकीटसंख्येला हे टप्पे अंदाजे २४, ४७ आणि ६३ असे पडतात.

"कोणतेही दहा आकडे" असं बक्षीस ठेवून ही पोकळी भरत नाही, हेही सांगून ठेवतो. ऐकायला दोन ओळींसारखंच वाटतं, पण कोणतेही दहा चालणार असतील तर ते तिसाव्या आकड्याच्या आतबाहेरच होतात. ठरावीक दहा आणि कोणतेही दहा यांत पंधरा-सतरा आकड्यांचा फरक आहे.

उंबरठा
गणितमित्र यांचं पटलं, पण वरची-मधली-खालची काढून टाकू नका. लोकांना ती हवी असतात, आणि प्रत्येक ओळीला वेगळं बक्षीस असल्याने जिंकणारी घरं वाढतात. कोजागिरीच्या कार्यक्रमात तेच महत्त्वाचं आहे. पहिल्या डावात तिन्ही ओळी ठेवा आणि दुसऱ्या डावात एक ओळ, दोन ओळी, फुल हाऊस असं ब्रिटिश पद्धतीने खेळा. लोकांना फरक समजेल आणि पुढच्या वर्षी काय हवं ते तेच सांगतील.

जलद पाच काढून जलद सात करा. २८० तिकिटांवर ते पंधराव्या आकड्याला जातं, तोवर मंडळी स्थिरावलेली असतात.

ब्रेकफास्ट-लंच-डिनर हे तीन तुकड्यांचं बक्षीस हल्ली बरेच जण सुचवतात: पहिले तीन रकाने ब्रेकफास्ट, मधले तीन लंच, शेवटचे तीन डिनर. ते घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. ओळीत सगळ्यांना पाचच आकडे असतात, पण तीन रकान्यांच्या तुकड्यात कुणाला तीन येतात, कुणाला पाच, कुणाला सात. तीनवाल्याचं बक्षीस तिकीट हातात पडताच निम्मं ठरलेलं असतं. ज्या बक्षिसाला सगळ्या तिकिटांवर सारखेच आकडे लागतात तेवढीच बक्षिसं ठेवा: ओळी, कोपरे, जलद अमुक, फुल हाऊस.

चार कोपरे म्हणजे नेमकं काय, हेही आधी सांगा. वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा, खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा आकडा. तिकिटाच्या टोकाचं घर रिकामं असलं तरी हरकत नाही. हे न सांगितल्याने "माझ्या कोपऱ्यात आकडाच नाही" म्हणत लोक उठून येतात.

सातासमुद्र
मी न्यू जर्सीहून लिहितेय. इकडच्या मराठी मंडळांत अडचण उलटी असते. इथल्या दुकानांत मिळतात ती कार्डं ७५ आकड्यांची: पाच बाय पाच, वर बी-आय-एन-जी-ओ ही अक्षरं, मधलं घर फुकट. बी खाली १ ते १५, आय खाली १६ ते ३०, एन खाली ३१ ते ४५, जी खाली ४६ ते ६० आणि ओ खाली ६१ ते ७५. आडवी, उभी किंवा तिरपी, कोणतीही एक रेघ पुरी झाली की बिंगो. अशा बारा रेघा, आणि त्यातल्या चार फुकट घरातून जातात, म्हणून त्यांना चारच आकडे लागतात.

चाफा, तुमच्या मुख्य खेळाला हे सुचवत नाही. पण दोन प्रसंगी ही कार्डं फार उपयोगी पडतात. एक, वेळ कमी असेल तेव्हा. शंभर कार्डांवर पहिली रेघ पंधरा-सोळाव्या आकड्यालाच होते. पाच मिनिटांत एक डाव संपतो. दुसरं, माणसं कमी असतील तेव्हा. पंधरा कार्डांवर रेघ २३-२४ व्या आकड्याला होते, पण नव्वदच्या पंधरा तिकिटांवर फुल हाऊसला ७५ च्या आसपास आकडे पुकारावे लागतात.

शिवाय कोणती घरं भरायची ते दर डावाला बदलता येतं: चार कोपरे, फुली, इंग्रजी टी, बाहेरची चौकट. सगळं कार्ड भरायचं ठरवलं तर मात्र वेळ वाचत नाही. फुकट घर सोडून २४ आकडे लागतात आणि शंभर कार्डांवर ते ६३-६४ व्या आकड्याला होतं.

एक धोका लक्षात ठेवा. कार्डं एका प्रकारची आणि आकडे दुसऱ्या प्रकारचे, असं होतं. ७५ सोंगट्यांचा संच आणि नव्वदची तिकिटं असतील तर ७६ ते ९० कधीच येत नाहीत, आणि ज्याच्या तिकिटावर त्यांतला एकही आकडा आहे त्याचं फुल हाऊस होणं अशक्य. नव्वदच्या तिकिटावर आठव्या रकान्यात ७६ ते ७९ येऊ शकतात आणि नववा रकाना तर कधीच रिकामा नसतो, म्हणजे कुणाचंच होणार नाही. मोबाइलवरच्या ॲपने पुकारणार असाल तर आधी सेटिंगमध्ये ७५ की ९० ते बघा, काही ॲप उघडल्यावर ७५ वर असू शकतात.

कागदवाला
छपाईबद्दल लिहितो. गच्ची, रात्र, चांदणं आणि एखाद-दोन हॅलोजन. इथे तिकिटाचा आकार हा शोभेचा विषय नाही.

ए-४ उभ्या कागदावर सहा तिकिटं, म्हणजे एक पट्टी, बरोबर बसते. समास सोडून एक घर साधारण २१ मिमी रुंद आणि १४ मिमी उंच होतं. त्यात २४ पॉइंटचा ठळक आकडा बसतो. चांगल्या उजेडात हे पुरेसं आहे. ज्येष्ठांसाठी एका कागदावर तीनच तिकिटं घ्या, घराची उंची दुप्पट होते आणि ३६ पॉइंटचा आकडा बसतो. मग एक पट्टी दोन कागदांवर जाते एवढंच.

२८० तिकिटांना ४७ पट्ट्या लागतात, पन्नास काढा. उशिरा येणारे आणि पाहुणे असतातच. दोन डावांना शंभर पट्ट्या झाल्या.

कागद पांढरा, शाई काळी. डाव ओळखता यावा म्हणून गुलाबी-हिरवे कागद वापरायची पद्धत आहे, पण मंद उजेडात गुलाबीवरचा काळा आकडा वयस्कांना दिसत नाही. त्याऐवजी प्रत्येक तिकिटाच्या माथ्यावर "डाव १", "डाव २" असं मोठं छापा आणि दुसऱ्याला जाड चौकट द्या. नाहीतर पहिल्या डावाचं न वापरलेलं तिकीट कुणीतरी दुसऱ्यात खेळतं आणि बक्षिसाच्या वेळी लक्षात येतं.

नेहमीचा ७५ जीएसएमचा झेरॉक्स कागद चालेल, पण त्यावर स्केचपेन देऊ नका, शाई मागे उतरते. बॉलपेन द्या. जेलपेनची शाई गच्चीवरच्या दवाने पसरते. आकड्यावर एकच तिरपी रेघ मारायला सांगा. गोल गिरवून काळा केलेला आकडा तपासणाऱ्याला वाचता येत नाही. आणि वारा असतोच, तेव्हा खाली धरायला पुठ्ठे हवेत. जुन्या वह्यांची कव्हरं, मिठाईच्या खोक्यांची झाकणं, काहीही चालेल. खुर्चीवर बसून मांडीवर कागद ठेवून लिहिता येत नाही, पेन आरपार जातं.

तिकिटावर अनुक्रमांक हवाच, आणि सगळ्या तिकिटांची पीडीएफ पुकारणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याकडे. दावा आला की अनुक्रमांकावरून मूळ तिकीट उघडून ताडून बघता येतं. पेनाने आकडा बदलला असा संशय कुणालाच घ्यावा लागत नाही.

एक पट्टी बनवून तिच्या पन्नास झेरॉक्स काढणं हा प्रकार कृपा करून टाळा. पन्नास घरांचं एकाच आकड्याला फुल हाऊस होईल. स्टेशनरीच्या दुकानातली तयार पॅडं घेणार असाल तर दोन पॅडांतली पहिली चार-पाच तिकिटं शेजारी ठेवून बघा, दोन्हींत तीच तिकिटं असू शकतात.

चाफा
पीडीएफची कल्पना मस्त. मुलांचं काय करू? सहा ते दहा वयाची तीसेक मुलं आहेत. मोठ्यांच्या डावात ती आईच्या तिकिटावर हात मारतात आणि आईला खेळता येत नाही.

गोष्टीवाली
मुलांना सगळ्यात आधी वेगळा डाव द्या, तीन बाय तीनचा. नऊ घरं, आकडे १ ते ३०. पहिल्या उभ्या रकान्यात १ ते १०, दुसऱ्यात ११ ते २०, तिसऱ्यात २१ ते ३०. तीस मुलांत पहिलं पूर्ण कार्ड २१-२२ व्या आकड्याला होतं, म्हणजे चार-पाच मिनिटांत. एकच विजेता न ठेवता पहिली पाच मुलं धरा. ती पाठोपाठच्या आकड्यांत मिळतात, फार थांबावं लागत नाही. बाकीच्यांना खाऊ.

आकडा खोडण्याऐवजी कार्डावर चुरमुरे किंवा शेंगदाणे ठेवायची पद्धत घरात ठीक आहे. गच्चीवर वाऱ्याने कार्ड हललं की सगळं सांडतं. मुलांना जाड क्रेयॉन द्या.

अगदी लहानांसाठी चित्रांचं कार्डही करता येतं: फळं, प्राणी, वाहनं. त्यात एकच पथ्य. चित्रांचा साठा घरांच्या किमान दुप्पट, जमल्यास तिप्पट हवा. नऊ घरांच्या कार्डाला अठरा ते सत्तावीस चित्रं. बारा चित्रांतून नऊ घरांची कार्डं केलीत तर सगळी कार्डं जवळजवळ सारखीच होतात आणि शेवटच्या दोन चित्रांवर दहा मुलं एकदम ओरडतात. चार बाय चारचं कार्ड घेतलं तर १६ घरांना निदान बत्तीस चित्रं लागतात. एवढी चित्रं सहा वर्षांच्या मुलाला नावानिशी ओळखता येत नाहीत, म्हणून चार बाय चार मोठ्या मुलांसाठी ठेवा.

ध्वनिक्षेपक
पुकारण्याबद्दल. निम्म्या चुका तिथे होतात.

आधी सोंगट्या मोजा. नव्वद भरल्या पाहिजेत. पिशवीतून एखादी हरवलेली असते आणि ते फुल हाऊस रखडल्यावर कळतं. हरवली असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा चालणार नाही, हाताला वेगळा लागतो. सगळ्याच नव्वद चिठ्ठ्या करा किंवा ॲप वापरा.

आकडा आधी अंक सुटे सांगून म्हणा, मग मराठीत, मग इंग्रजीत: "सहा सात, सदुसष्ट, सिक्स्टी सेव्हन." इंग्रजी माध्यमातल्या मुलांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कळत नाही, आणि माइकवर सदुसष्ट आणि अडुसष्ट मोठ्यांनाही सारखंच ऐकू येतं. इंग्रजीत पुकारलं तरी थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी हे घोळ आहेतच. सुटे अंक सांगितले की प्रश्न मिटतो. "टू फॅट लेडीज, एटी एट" वगैरे पुकारे आवडत असतील तर जरूर म्हणा, पण आकडा सांगून झाल्यावर.

पाठीमागे पांढऱ्या फळ्यावर १ ते ९० ची चौकट काढून ठेवा, पुकारलेला आकडा एकाने गोल करायचा. पुकारणारा स्वतः फळ्याकडे वळला की लय तुटते, म्हणून माणसं दोन हवीत. तिसरा माणूस दावा आला की धावत जाऊन तिकीट घेणारा. त्याने अनुक्रमांक आणि आकडे मोठ्याने वाचायचे, फळ्यावर ताडायचे.

उंबरठा
नियमांतले दोन-तीन आधीच माइकवर सांगा, नंतर सांगितलेला नियम कुणी मानत नाही.

दावा शेवटच्या पुकारलेल्या आकड्यावरच. पुढचा आकडा तोंडातून बाहेर पडला की आधीचा दावा गेला. खोटा दावा निघाला तर ते तिकीट त्या डावापुरतं बाद. एकाच आकड्यावर दोघांचं झालं तर बक्षीस कसं वाटणार तेही आधी ठरवा. डबा-टिफिनसारखी वस्तू दोघांत वाटता येत नाही, म्हणून फुल हाऊससाठी सारख्या दोन वस्तू ठेवा.

पाटीपेन्सिल
शेवटच्या आकड्याचा नियम स्पर्धेत ठीक आहे, कोजागिरीला नको असं मला वाटतं. ऐंशीच्या आजी आकडा शोधेपर्यंत पुढचा पुकारला जातो. त्यांची ओळ खरोखर झालेली असते आणि आपण "गेली" म्हणून सांगायचं, हे बरं दिसत नाही. बक्षीस दुसऱ्या कुणाला दिलेलं नसेल तोवर दावा मान्य करा.

उंबरठा
तुमचा मुद्दा कळतो, पण तसं केलं की तीन आकड्यांनंतर चार जण उठतात आणि खरं पहिलं कुणाचं हे ठरवता येत नाही. त्यापेक्षा आकडा सांगितल्यावर पूर्ण दहा सेकंद थांबा, आणि पुढचा काढण्याआधी "पुढे जाऊ का?" असं विचारा. आजींना वेळ मिळतो आणि नियमही राहतो. ज्येष्ठांना एकच तिकीट द्या, दोन नकोत. त्यांना पंधराच घरं बघायची असली की आकडा सुटत नाही. त्यांचं दुसरं तिकीट घरातल्या कुणाला द्या.

पाटीपेन्सिल
हे मान्य. पण खोट्या दाव्याला तिकीट बाद हा नियम मोठ्यांपुरताच ठेवा. मुलांच्या डावात फक्त तेवढा दावा रद्द, कार्ड चालू.

गणितमित्र
दुसरं आणि तिसरं फुल हाऊस ठेवणार असाल तर त्यासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. २८० तिकिटांवर पहिलं ६३ ला, दुसरं ६६ ला, तिसरं ६८ ला. जेमतेम मिनिटभर जास्त जातं आणि दोन घरं आणखी जिंकतात. चौथ्या-पाचव्याकडे जाऊ नका, तिथे एका आकड्याला दोन-तीन जण उठायला लागतात.

नियमावली
दोन गोष्टी, कुणीच लिहिल्या नाहीत म्हणून.

तिकिटाचे पैसे घेऊन त्यातूनच रोख बक्षीस, असं करू नका. महाराष्ट्रातला जुगारबंदीचा कायदा १८८७ सालचा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे, हाऊजी त्यात बसत नाही, तो नशिबाचा खेळ आहे. तिकीट फुकट आणि बक्षीस मंडळाच्या वर्गणीतून आणलेली वस्तू, ही पद्धत सरळ आहे, आणि तुम्ही तेच करत आहात. अमेरिकेतल्या मंडळांनीही आपापल्या राज्याचा नियम बघावा, तिथे बऱ्याच राज्यांत धर्मादाय बिंगोलाही परवाना लागतो.

दुसरं, ध्वनिवर्धकाला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. कोजागिरी त्या यादीत आहे का ते आधी पोलिस ठाण्यात विचारा, गृहीत धरू नका. तुमचा डाव पावणेदहाला संपतोय ते योग्य आहे, फक्त सुरुवात उशिरा झाली तर दुसरा डाव दहाच्या पुढे जाईल. नऊ वीसनंतर दुसरा मोठा डाव सुरूच करू नका.

सातासमुद्र
त्या वेळी हातात एक छोटा खेळ तयार ठेवा. उशीर झालाच तर दुसऱ्या डावाच्या तिकिटांवरच फक्त "कोणतीही एक ओळ" खेळा. चोवीस आकडे, पाच-सहा मिनिटं. तिकिटं वायाही जात नाहीत आणि "दुसरा डाव झालाच नाही" असं कुणी म्हणत नाही.

चाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय: साडेआठला मुलांचा तीन बाय तीन, पाच विजेते. मग पहिला मोठा डाव: जलद सात, चार कोपरे, तिन्ही ओळी, दोन ओळी, तीन फुल हाऊस. दुसरा डाव: एक ओळ, दोन ओळी, तीन फुल हाऊस. म्हणजे ५ + ९ + ५ = १९ बक्षिसं, उरलेल्या वस्तू बरोबरीसाठी राखीव. पहिल्या डावात तिन्ही ओळी आणि दोन ओळी एकत्र ठेवल्याने काही अडचण येईल का?

गणितमित्र
नाही. ओळी तेहतीसच्या आत जातात, दोन ओळी ४७ च्या आसपास. फक्त "दोन ओळी" मध्ये आधी बक्षीस मिळालेली ओळ धरता येईल, हे सांगून ठेवा. नाहीतर वरची ओळ जिंकलेला माणूस विचारेल की माझी एक ओळ धरायची की नाही.

कागदवाला
मुलांची कार्डं ए-४ वर सहा बसवा, दोन रकान्यांत तीन-तीन. तीस मुलांना पाच कागद, दोन जादा काढा. आणि छापताना प्रिंटरच्या खिडकीत "फिट टू पेज" न निवडता शंभर टक्के आकार ठेवा. फिट केलं की घरं बारीक होऊ शकतात आणि ज्येष्ठांच्या तिकिटांवरचे आकडे ३६ पॉइंटपेक्षा लहान होतात. एक पान काढून गच्चीवर रात्री नेऊन, हॅलोजन जिथे लावणार तिथून सगळ्यात लांबच्या खुर्चीवर बसून वाचून बघा. तिथून वाचता आलं तर बाकीची ऑर्डर द्या.